पेटी घेतली, पण वाजवायची नाही

मिरजेत कुणी ‘पेटी घेतली’ म्हटलं की ऐकणाऱ्याला हार्मोनियमच दिसते. भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “वा मामी, रिटायर झाल्यावर गाणं का? झकास!” गाणं कुठलं, बाबा. गाडीत ठेवायचा संडास आहे तो. हार्मोनियमशी साम्य एवढंच, की आमच्या पेटीलाही भाता आहे. दाबला की सुराऐवजी पाणी येतं. तेव्हापासून घरात तिला पेटीच म्हणतात, आणि इथंही मी तेच म्हणणार आहे.

मी मिरजेतल्या एका हॉस्पिटलात ३४ वर्षं सिस्टर होते. हे रेल्वेत. दोघं मोकळे झाल्यावर ह्यांनी एक जुनी तेरा सीटची ट्रॅव्हलर घेतली. सीटा काढल्या, दोन पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली. मागच्या कोपऱ्यात अडीच बाय तीन फुटांची, सरकत्या दाराची जागा पेटीसाठी ठेवली. तिला खोली म्हणायला जीभ धजत नाही, कपाट म्हणा. गाडीत आम्ही तिघं असतो: हे, मी, आणि ८१ वर्षांच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई.

पेटी आत्याबाईंच्या गुडघ्यांसाठी घेतली असं आम्ही सगळ्यांना सांगतो, पण ते निम्मंच खरं. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. सकाळी निघताना अर्धा कप चहा घेतला की मुक्कामाला पोचेपर्यंत ओठ शिवलेले. वाटेतल्या संडासाला कडी नसते, पाणी नसतं, नाहीतर दारात चार बाप्ये उभे असतात. मग घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप. देवदर्शनाच्या ट्रिपा झाल्या की अशा बायका ओपीडीत यायच्या. त्यांना “पाणी भरपूर प्या” असं मी वर्षानुवर्षं सांगितलं आणि स्वतः मात्र कोरड्या घशानं कोल्हापूर-पुणे केलं.

पेटीचे दोन मजले असतात. वर बसायचं भांडं आणि स्वच्छ पाण्याची टाकी, खाली मैल्याची टाकी. मधे एक सरकती झडप, तिचा दांडा पुढून ओढायचा. दोन्ही मजले खिट्ट्यांनी अडकवलेले. खिट्टी काढली की खालची टाकी सुटी होते आणि ती हँडलला धरून बॅगेसारखी न्यायची. तिला एका कोपऱ्यात फिरवता येणारी नळी असते, नळीला टोपण आणि हँडलाजवळ हवेचं एक बटन. संपलं यंत्र. ह्यांनी त्यावर तासभर व्याख्यान दिलं होतं, ते मी गाळते.

घेताना लोक टाकीचा आकार बघतात. मी म्हणते आधी उंची बघा. १० लिटरची पेटी जेमतेम फूटभर उंच असते, तिच्यावर बसणं म्हणजे जवळजवळ उकिडवंच. गुडघे गेलेलं माणूस तिच्यावरून उठत नाही, त्याला उठवावं लागतं. २० लिटरची सोळा-सतरा इंच भरते, म्हणजे खुर्चीसारखी. आम्ही मोठी घेतली ती त्यासाठी. पण तिची दुसरी बाजू अशी की २० लिटर भरले की वजन २० किलोच्या वर जातं. घरच्या गॅसचा रिकामा सिलिंडर पंधराएक किलोचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. म्हणून मोठी घ्या, पण पाऊण भरली की रिकामी करा. काठोकाठ भरलेली टाकी घेऊन साठीतल्या माणसानं पायऱ्या चढू नयेत. मणक्याचा वॉर्ड मी बघितलाय.

आणल्याबरोबर गाडीत टाकून निघू नका. आठवडाभर घरच्या गॅलरीत ठेवा, नुसतं साधं पाणी भरा, झडप उघडा-मिटा, टाकी सुटी करून बाथरूममध्ये ओतून बघा. हाताला सवय झाली की मग खरी वेळ. गाडीत ती पट्ट्यानं किंवा फरशीला ठोकलेल्या क्लिपांनी घट्ट बांधा. हलती पेटी आणि घाटातलं वळण यांचं गणित मी सांगायला नको.

आत्याबाईंचा मात्र मूळ मुद्द्यालाच विरोध होता. ज्या गाडीत भाकरी भाजायची त्याच गाडीत संडास? आणि नेमका त्या कपाटाच्या भिंतीवर ह्यांनी दत्ताचा फोटो लावलेला! फोटो लगेच पुढं, ड्रायव्हरच्या डोक्यावर गेला. तरी पहिले दोन मुक्काम त्या पेटीकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या मुक्कामाला बामणोलीत रात्री दोनला असा पाऊस लागला की बाहेर हात काढला तरी दिसेना. अंधारातून आवाज आला, “सूनबाई, ती तुझी पेटी कुठाय गं?” त्यानंतर सोवळ्याचा विषय निघाला नाही. रात्रीसाठी तिथं एक मंद लाल दिवा लावून ठेवलाय, आणि म्हाताऱ्या माणसाला धरायला भिंतीवर दांडा. दिवसा कुणी आत गेलं की हे टायरची हवा बघायला खाली उतरतात. आमच्या टायरांइतकी काळजी जिल्ह्यात कुणाच्या टायरांची घेतली जात नसेल.

आता पाण्याचा हिशोब. या पेट्या कागद वापरणाऱ्या लोकांसाठी बनवलेल्या. त्यांच्या पत्रकात लिहिलेलं असतं, टाकी इतके दिवस पुरते. आपण पाणी वापरतो, त्यामुळे तो आकडा आपल्या कामाचा नाही. पहिल्या ट्रिपला वीस लिटरची टाकी एका दिवसात भरली तेव्हा हे म्हणाले, गळतेय. गळत नव्हती, आपण भरत होतो.

वॉर्डात आम्ही पेशंटचा इनटेक-आउटपुट चार्ट ठेवतो: किती प्यायला, किती गेलं. मी पेटीचा चार्ट ठेवला. धडधाकट माणसाची दिवसाची लघवी दीड लिटरच्या आसपास. तिघांची मिळून साडेचार, त्यात काटछाट नाही, करूही नये. उरलेलं सगळं वरून ओतलेलं पाणी. लघवीनंतर अर्धा मग, म्हणजे अर्धा लिटर. दिवसातून पाच वेळा, तिघांचे साडेसात लिटर. सकाळचं दीड-दीड लिटर धरा, साडेचार. झाले बारा. वर प्रत्येक वेळी भाता दाबून पाव लिटर सोडलं तर आणखी चार-साडेचार. बेरीज वीसच्या पार.

मग मगाला गाडीबाहेर काढलं. त्याजागी दाबायची प्लास्टिकची बाटली आणली, अर्ध्या लिटरची, वाकड्या चोचीची. तिच्या धारेला जोर असतो, त्यामुळे लघवीनंतर शंभर मिलीत काम होतं आणि सकाळी चारशेत. धुतलेलं पाणीच भांडं धुऊन नेतं, म्हणून लघवीनंतर भाता दाबायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. आता चार्ट दिवसाला आठ-नऊ लिटर दाखवतो. म्हणजे पाऊण टाकी दीड-पावणेदोन दिवस पुरते, आणि वाटेत चांगला संडास मिळाला तर तीन दिवससुद्धा. बाटल्या प्रत्येकाच्या वेगळ्या, वेगळ्या रंगाच्या. आत्याबाईंची पिवळी.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती आमच्या मिरजेतूनच. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. तेव्हा ह्यांनी घरात सगळ्यांच्या आंघोळीच्या बादल्या मोजल्या होत्या. त्याच माणसाला मगाची सवय सोडवायला मला दोन ट्रिपा लागल्या.

सकाळच्या वेळेला एक युक्ती करा. बसण्याआधी झडप बंद ठेवून भांड्यात थोडं पाणी घ्या. कोरड्या भांड्याला मल चिकटतो आणि मग तो काढायला लिटरभर पाणी जातं. आणि टाकीत मैला, पाणी आणि सहज विरणारा कागद एवढंच जाऊ द्या. ओले वाइप्स, पॅड, कापूस नाही. ते विरत नाहीत, झडपेत अडकतात, आणि अडकलेली झडप हातानं मोकळी करावी लागते. कुणाच्या हातानं, ते तुम्हीच ठरवा.

टाकीत घालायचं औषध वेगळं मिळतं. रिकाम्या टाकीत आधी दोनेक लिटर पाणी, मग बाटलीवर लिहिलेलं माप. तेही भांड्यातून न ओतता टाकीच्या नळीतून घाला, म्हणजे भांड्यावर आणि कपड्यांवर डाग पडत नाहीत. औषधं दोन जातींची. एकात फॉर्मल्डिहाइड असतं. ते म्हणजे आमचं फॉर्मलिन, काढलेला अवयव तपासणीला पाठवताना ज्या बरणीत घालतो तेच. वास दाबतं, पण जंतूही मारतं, आणि घरच्या सेप्टिक टँकचं सगळं काम जंतूच करत असतात. ते मेले की टँक नुसता हौद होऊन बसतो. दुसरी जात फॉर्मल्डिहाइड नसलेली, बहुतेक हिरव्या बाटलीत येते. ती घ्या. रंगावर जाऊ नका, बाटलीवरचं बारीक वाचा. तिचा वासावरचा ताबा थोडा कमी, हे खरं. एप्रिल-मेमध्ये सांगलीकडे चाळीस अंश होतात तेव्हा टाकी रोज रिकामी करावी लागते, औषध कुठलंही घाला.

फिनेल घालू का, असं मला सगळे विचारतात. नको. ब्लीचिंग, सोडियम हायपोक्लोराइट, संडास घासायचं ॲसिड यांपैकी काहीच नको. यात माझीच चूक सांगते. हात शिवशिवले म्हणून मी एकदा भरल्या टाकीत हायपो घातलं. लघवीतल्या अमोनियाशी क्लोरिन मिळालं की जो वायू होतो तो डोळ्यांत आणि घशात जातो. त्या कपाटाएवढ्या जागेत मी खोकत बाहेर आले, आणि हे विचारतात, “सिस्टर, हे तुम्हाला शिकवलं नव्हतं का?” शिकवलं होतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र तर त्याहून वाईट. शिवाय हे सगळं झडपेचं रबर खातं.

पसरणी घाटाचंही सांगायला हवं. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या. खाली वाईत झडप घट्ट बंद केली की टाकीत वाईची हवा कोंडली जाते. वर बाहेरची हवा विरळ, टाकीतली तशीच. त्यात उन्हानं टाकी तापलेली आणि आतला मैला आपला वायू करतोच आहे. पाचगणीला टेबल लँडजवळ गाडी लावली, मी आत गेले, झाकण वर केलं आणि दांडा ओढला. फुस्स करून जे काही वर आलं त्यात निळ्या औषधाचे थेंब तरी होते, म्हणून डाग निदान निळे पडले. (तेव्हा निळं वापरायचो.) फिकट अबोली साडी होती.

त्या दिवसापासून नियम असा. घाट चढल्यावर, गाडी उन्हात उभी राहिल्यावर आणि रोज सकाळी, झाकण खाली पाडून दांडा आधी बोटभर ओढायचा. फुस्स ऐकायचं, थांबायचं, परत मिटायचा. मगच झाकण उघडायचं. प्रेशर कुकरची शिट्टी उचलून वाफ गेली की नाही बघतो, तसंच. गाडी सुरू करण्याआधी भांड्यातलं पाणी खाली सोडून झडप पूर्ण बंद आहे का ते हातानं बघा, डोळ्यांनी नको.

मग रिकामी करणं. याची लोकांना सगळ्यात जास्त धास्ती असते, आणि काम खरं दहा मिनिटांचं असतं. अवघड आहे ती जागा. गाड्यांच्या टाक्या रिकाम्या करायची ठरलेली ठिकाणं आपल्याकडे वाटेवर भेटत नाहीत. सगळ्यात उत्तम म्हणजे स्वतःच्या घरचा संडास. त्यानंतर पाहुण्यांचा, आधी फोन करून आणि टाकीत काय आहे ते सांगून. त्यानंतर लॉज किंवा पेट्रोल पंपाचा, मालकाला विचारून. विचारताना मी आडपडदा ठेवत नाही: “टाकी आहे, पंधरा लिटर, सेप्टिकला चालणारं औषध आहे, ओतून दोन बादल्या पाणी टाकून स्वच्छ करून देते.” दहातले सहा-सात हो म्हणतात. नाही म्हटलं तर पुढं जायचं, म्हणूनच टाकी पाऊण भरली की जागा शोधायला लागायची, काठोकाठ होईपर्यंत थांबायचं नाही.

ओढा, नदी, रस्त्याकडेची गटार, उसाचा पाट, कासचं पठार, यांतलं काही चालत नाही. मी मिरजेची आहे, मला हे जास्त लागतं. कृष्णा महाबळेश्वरला निघते, वाईच्या घाटांवरून येते, माहुलीला वेण्णा घेते, कऱ्हाडला कोयना, आणि मग सांगलीवरून आमच्या कृष्णाघाटावर. वाटेतला प्रत्येक जण ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणतो, आणि ते एवढं-एवढं आमच्या नळाला येतं. हॉस्पिटलात काविळीची साथ आली की आम्ही आधी पाणी कुठलं ते विचारायचो.

दुसरी गोष्ट माणसांची. पहिल्या वर्षी सातारा रस्त्यावरच्या एका ढाब्यावर ह्यांनी तिथल्या पोराला शंभराची नोट काढली आणि टाकीकडे बोट केलं. पोरगा सतरा-अठराचा असेल. त्यानं आधी नोटेकडे बघितलं, मग टाकीकडे, आणि पॅन्टला हात पुसत पुढं आला. मी नोट ह्यांच्या खिशात परत घातली. वॉर्डात मावशी नसल्या तर बेडपॅन मी उचलले आहेत, पण ते आजारी माणसाचे. आपण तिघं धडधाकट, आपण खाल्लं, आपण केलं. माणसाच्या हातानं मैला उचलून घेण्यावर २०१३ चा कायदा आहे. पण कायदा नसता तरी मी तेच केलं असतं. त्या दिवशी टाकी मी नेली, दुसऱ्या दिवशी ह्यांनी. तोंडाला रुमाल बांधून, मान वळवून, पण नेली. आता ते माझ्यापेक्षा सफाईनं करतात.

करायचं असं. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाला, जुनी चप्पल घाला. झडप बंद आहे ना बघून खिट्टी काढा, टाकी सुटी करा, उभीच न्या. संडासाशी पोचल्यावर नळी बाहेरच्या बाजूला फिरवा, मग टोपण काढून खिशात नाही, मोज्यांच्या पिशवीत ठेवा. एक टोपण आमचं भांड्यातून खाली गेलंय. नळीचं तोंड भांड्याच्या अगदी जवळ आणून टाकी तिरकी करा, आणि ओतायला लागल्यावरच अंगठ्यानं हवेचं बटन दाबा. ते दाबलं नाही तर तांब्या उपडा केल्यासारखं घडघड-घडघड होतं आणि प्रत्येक घडघडीला शिंतोडा. दाबून धरलं की तेलासारखी सरळ धार. बटन टाकी सरळ असताना दाबू नका, तिथून बाहेर येतं.

मग तीन-चार लिटर पाणी घालून टोपण लावा, टाकी हलवा, ओता. परत एकदा. दुसऱ्या वेळचं पाणी स्वच्छ निघालं पाहिजे. त्यांच्या भांड्यावर दोन बादल्या टाका, कडा घासा, आपण आलो होतो हे कळू नये. मोजे काढताना मनगटापासून उलटे करत काढा, बाहेरची बाजू आत गेली पाहिजे. आणि साबणानं हात धुवा, बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठा, चाळीस सेकंद तरी. सॅनिटायझरची दोन बोटं लावून पोळी लाटायला बसू नका.

वास येत असेल तर औषध वाढवायच्या आधी झडपेचं रबर बघा. बहुतेक वेळा तिथं कागदाचा तुकडा असतो किंवा रबर कोरडं पडलेलं असतं. महिन्यातून एकदा सिलिकॉनचा स्प्रे मारा. खोबरेल, व्हॅसलीन, गाडीचं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं नाहीतर चिरतं. टाकीत आतून पिवळट खर धरली तर लिंबूसत कोमट पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवा, सकाळी ओता. तेवढंच.

जून ते सप्टेंबर आमची गाडी शक्यतो उभी असते. तेव्हा दोन्ही टाक्या रिकाम्या करून, उन्हात वाळवून, झडप उघडी आणि टोपण काढून पेटी जिन्याखाली ठेवते. झडप बंद ठेवली तर रबर चिकटून बसतं. गेल्या वर्षी उघड्या नळीतून पाल आत गेली आणि दिवाळीच्या ट्रिपला बामणोलीत बाहेर आली, आत्याबाई बसलेल्या असताना. आता नळीच्या तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा रबर लावून बांधते.